पीडीएफ फिरवणे म्हणजे वाचनालय चालवणे नव्हे

मराठी पुस्तक विकत घ्यावे, मोबाइलवर त्याची पाने स्कॅन करावीत, पीडीएफ तयार करावी आणि ती व्हॉट्सॲपच्या गटावर किंवा टेलिग्रामवर टाकावी. यात गैर काही नाही, उलट ही वाचनाची सेवाच आहे, असे मत आज अहिल्यानगर जिल्ह्यात आणि मराठी वाचणाऱ्या बहुतेक गावांत रूढ झाले आहे. ते मांडणारी माणसे लबाड नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, अभ्यासिकेत रात्री जागवणारे विद्यार्थी आहेत, आयुष्यभर पुस्तकांवर जीव लावलेली निवृत्त मंडळी आहेत. म्हणूनच हे मत खोडून काढणे आवश्यक वाटते. ज्याला पुस्तकाशी देणेघेणे नाही त्याच्याशी वाद कशाला घालावा? पण पुस्तकांवर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून पुस्तकांचे नुकसान होत असेल, तर बोललेच पाहिजे.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळासह. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ गावात किंवा जामखेडच्या टोकाला राहणाऱ्या वाचकाला साहित्याचे पुस्तक मिळेल असे दुकान जवळ नाही. तालुक्याच्या दुकानात वह्या, गाइडे आणि पंचांगे मिळतात. पुस्तकाची किंमत तीन-चारशे रुपये, म्हणजे एका दिवसाची मजुरी. अनेक चांगली पुस्तके तर वर्षानुवर्षे पुन्हा छापलीच जात नाहीत. अशा वेळी कोणी पीडीएफ केली तर कोणाचे काय गेले? मूळ प्रत जागेवरच राहते, मग ही चोरी कशी? वाचनालय एकच पुस्तक शंभर जणांना देते, त्याला कोणी दोष देत नाही. लेखकाला उलट वाचक मिळतात. आणि शेवटचा, सर्वांत भावणारा युक्तिवाद असा की ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या भूमीतल्या माणसाने ज्ञानाला कुंपण घालणे शोभत नाही.

यातले काही मला मान्य आहे. ही फौजदारी कायद्याच्या अर्थाने चोरी नव्हे; चोरीत वस्तू उचलली जाते, इथे ती जागची हलत नाही. पण वस्तू हलली नाही म्हणजे काहीच हिरावले गेले नाही, हे कसे सिद्ध होते? १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाला वस्तू देतच नाही. कलम १४ त्याला एक अधिकार देते, आपल्या कृतीच्या प्रती काढण्याचा आणि त्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचा. कागद आणि बांधणी प्रकाशकाची. विकत घेतलेली प्रत वाचकाची. ती त्याने भावाला द्यावी, रद्दीत विकावी, वाचनालयाला दान करावी, कायद्याची आडकाठी नाही. लेखकाच्या हाती उरतो तो फक्त प्रती काढण्याचा अधिकार. पीडीएफ करणारा नेमका तोच वापरतो.

आता वाचनालयाचा दाखला पाहू, कारण सारा पूर्वपक्ष खरे तर त्यावरच उभा आहे. या जिल्ह्याला वाचनालय म्हणजे काय हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. वाचनालय पुस्तक देते तेव्हा काय घडते? ते एक प्रत विकत घेते. ती प्रत एका वेळी एकाच्याच घरी असते. दुसऱ्याला ती हवी असेल तर पहिल्याने परत करावी लागते. मागणी वाढली की वाचनालय दुसरी प्रत घेते, आणि प्रत झिजली की तिसरी. मराठी पुस्तकांचा मोठा आधार ही हजारो सार्वजनिक ग्रंथालयेच आहेत. त्यांची खरेदी नसती तर कित्येक पुस्तके छापलीच गेली नसती. देवघेवीच्या या साऱ्या व्यवहारात प्रतींची संख्या एकानेही वाढत नाही.

गटावर टाकलेल्या पीडीएफचे तसे आहे काय? व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ सदस्य मावतात, टेलिग्रामच्या गटात दोन लाखांपर्यंत. मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराची, अनेकदा पाचशेची. म्हणजे भरलेल्या एका गटावर एकदा अंगठा दाबला की जेवढ्या प्रती तयार होतात, तेवढ्या त्या पुस्तकाच्या जन्मभरात छापल्या गेलेल्या नसतात. कोणतीही प्रत परत येत नाही, कोणतीही झिजत नाही, पहिली सोडली तर कोणतीही विकत घेतलेली नसते. वाचनालयाशी याचे साम्य कुठे उरले?

यावर प्रतिपक्ष म्हणेल की त्या हजारांपैकी कितीजण पुस्तक विकत घेणार होते? आक्षेप रास्त आहे. धरून चालू की फक्त चाळीस. तरीही हिशेब करून पाहावा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि लेखकाचे मानधन दहा टक्के धरले, तर हजार प्रतींची सगळी आवृत्ती खपल्यावर लेखकाला ३०,००० रुपये मिळतात. दोन-तीन वर्षांच्या लेखनाचे, तेही संपूर्ण खप झाला तर. लाखाच्या आवृत्त्या खपवणाऱ्या भाषेत चाळीस प्रतींनी फरक पडत नसेल. हजाराच्या आवृत्तीत पडतो. दुसरी आवृत्ती काढायची की नाही हे प्रकाशक शेवटच्या शंभर प्रती कोठारात किती काळ पडून आहेत यावरून ठरवतो. म्हणजे ‘पुस्तक मिळत नाही म्हणून पीडीएफ’ या तक्रारीचे एक कारण ती पीडीएफच असू शकते.

प्रसिद्धीच्या युक्तिवादाला फार वेळ द्यावा असे त्यात काही नाही. फुकट वाटल्याने नाव होते, हे काही लेखकांच्या बाबतीत खरेही असेल. ज्यांना तसे वाटते ते स्वतःहून वाटतात. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तके विनामूल्य देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. प्रश्न एवढाच आहे की हा निर्णय कोणी घ्यायचा, लिहिणाऱ्याने की पाठवणाऱ्याने?

नेवाशाच्या युक्तिवादापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण तो मनापासून केलेला असतो. ज्ञानेश्वरीच्या प्रती कोणाचीही परवानगी न घेता शतकानुशतके होत राहिल्या, हे खरे. पण त्या परंपरेने लेखनाविषयी बाळगलेले नियम आपण विसरलो आहोत. शके १२१२ मधल्या त्या ग्रंथाच्या शेवटी लेखनिक सच्चिदानंदबाबांचेही नाव आहे. प्रती वाढत गेल्या तसे पाठ बिघडत गेले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांना जुन्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. एवढे करून ते थांबले नाहीत. ज्ञानेश्वरीत यापुढे कोणी स्वतःची ओवी घुसडू नये, अशी सक्त ताकीद त्यांनी लिहून ठेवली. स्वतः मोठा कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात एकही अक्षर वाढवू दिले नाही. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती घ्या. ‘भक्तविजय’ रचताना आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहीत आहोत, हे त्यांनी ग्रंथातच सांगितले. आधार कोणाचा घेतला हे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

आणि आज गटांवर काय फिरते? पहिले पान कापलेले उतारे. भलत्याच कवीच्या नावावर खपवलेल्या कविता. मधली पाने गळलेली, शेवट तुटलेली पुस्तके. आजच्या कायद्याचे कलम ५७ लेखकाला दोन अधिकार देते: कृतीवर आपले नाव असण्याचा, आणि कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला धक्का लागू न देण्याचा. हे अधिकार त्याने कॉपीराइट विकून टाकला तरी त्याच्याकडेच राहतात. एकनाथ आणि महिपती यांना या कलमात परके वाटावे असे काय आहे? नेवाशाचा वारसा सांगायचा असेल तर तो पुरा सांगावा. तो वारसा नाव पुसणाऱ्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

सॉफ्टवेअरची गोष्ट थोडी वेगळी, पण तिथेही तेच मत वेगळ्या कपड्यांत येते. ‘कंपनी परदेशी, तिला काय फरक पडतो? क्रॅक केलेले सॉफ्टवेअर नसते तर लग्नपत्रिका छापणारा छोटा व्यावसायिक उभाच राहिला नसता.’ कंपनीची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. नुकसान मराठीचे झाले, म्हणून लिहितो. डीटीपीच्या अनेक दुकानांत आजही पेजमेकर चालते. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, सन २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही. फुकट मिळालेली प्रत अद्ययावत होत नसते, आणि तिच्यावर हात बसला की बदलावेसे वाटत नाही. परिणामी जुन्या फॉन्टांत टंकलेले असंख्य मराठी मजकूर, स्मरणिका, गावांचे इतिहास, दिवाळी अंक, फॉन्ट हरवताच वाचता न येणाऱ्या चिन्हांच्या राशी होतात. इंटरनेटवर शोधून ते सापडत नाहीत. आणि पर्याय नव्हता असे तरी कुठे आहे? लिब्रे ऑफिस मराठीतून वापरता येते. पानांच्या मांडणीसाठी स्क्राइबस आहे. एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा देखणा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहे, व्यवसायासाठीही. हे सारे कायदेशीर आणि विनामूल्य. क्रॅकमुळे सवय लागली ती मात्र बंद दाराची.

राहिला गरजेचा मुद्दा. हा पूर्वपक्षाचा खरा गाभा, आणि गरज खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण कायदा गरजवंताच्या विरोधात आहे, हा समज तपासून पाहावा. स्पर्धा परीक्षेचा पाया असलेली एनसीईआरटीची आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके त्या संस्थाच पीडीएफ स्वरूपात विनामूल्य देतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे. कलम ५२ स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त प्रमाणात नक्कल करू देते, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला उतारे देऊ देते. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या छायाप्रतींच्या खटल्यात ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार विद्यार्थ्यांना दिला, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगरव्यापारी ग्रंथालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, आणि दृष्टिहीनांसाठी कोणत्याही पुस्तकाचे सुगम रूप परवानगीशिवाय करता येते. त्याविषयीचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारत. हे अधिकार किती वाचनालये वापरतात? पीडीएफच्या गटांवर खर्च होणारी हौस या कामाला लागली असती तर?

कॉपीराइट म्हणजे कायमची मालकी, हाही असाच एक गैरसमज. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी तो संपतो. याचा उत्तम पुरावा नगरच्या भुईकोट किल्ल्यात आहे. १९४२ पासून तिथे कैदेत असताना मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ मधली पत्रे लिहिली. आझाद १९५८ मध्ये गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०१९ पासून सर्वांचे झाले. त्याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. नेहरू १९६४ मध्ये गेले. १ जानेवारी २०२५ पासून हे मूळ इंग्रजी पुस्तक भारतात कोणीही छापावे, स्कॅन करावे, मराठीत आणावे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या, नगरशी जन्माचे नाते जोडलेल्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या. त्यांचे लेखन तर कधीच मुक्त झाले आहे. इतकी संपत्ती हक्काने आपली असताना हयात लेखकाच्या नव्या कादंबरीवरच हात का पडावा?

उरते ते दुर्मिळ पुस्तक, ज्याचा लेखक गेला आहे, वारस सापडत नाहीत आणि प्रकाशन बंद पडले आहे. इथे प्रतिपक्षाची बाजू बळकट आहे, आणि साठ वर्षांची मुदत जादा आहे असे माझेही मत आहे. आंतरराष्ट्रीय करार पन्नासच वर्षे मागतात. आपल्याकडेही पन्नासच होती. रवींद्रनाथांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. ती पुन्हा पन्नास केली तर सावरकर, अत्रे, अण्णाभाऊ साठे आणि इरावती कर्वे यांचे समग्र लेखन आजच खुले होईल. आजच्या कायद्याने अत्रे आणि अण्णाभाऊ यांच्यासाठी ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत थांबावे लागेल. पण मुदत जादा आहे म्हणून ती संपलीच आहे असे समजून वागायचे, आणि गेलेल्या लेखकासाठी असलेला हा युक्तिवाद हयात लेखकावर चालवायचा, हे तर्काला धरून नाही.

दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत; निकाल त्यांनी द्यावा. माझी विनंती एवढीच की ज्यांना ही मुदत खटकते त्यांनी ती बदलण्याची मागणी उघडपणे करावी. या जिल्ह्यातून लोकसभेवर दोन खासदार जातात. वाचनालयांनी, शिक्षकांनी आणि अभ्यासिकांनी मिळून दोघांनाही तसे निवेदन द्यावे. त्यावर सही करायला मी तयार आहे.