परकीय निधी आणि भारतातील निवडणुका

परदेशी सरकार, कंपनी, संस्था किंवा नागरिक यांच्याकडून उमेदवाराने वा राजकीय पक्षाने पैसा घेणे भारतात १९७६ पासून गुन्हा आहे. हेरगिरी, अपप्रचार, समाजमाध्यमांवरील बनावट खाती हेही निवडणुकीतील परकीय हस्तक्षेपाचे प्रकार आहेत. भारतीय कायद्याचा रोख मात्र मुख्यतः पैशावर राहिला आहे.

पूर्वपीठिका : १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत परदेशी पैसा खेळल्याचे आरोप संसदेत झाले. तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांना या आरोपांना उत्तरे द्यावी लागली. गुप्तवार्ता विभागाने चौकशी केली, पण तिचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. परकीय निधीला आळा घालणारे विधेयक १९७३ मध्ये मांडले गेले, कायदा आणीबाणीत झाला. भारतातील माजी अमेरिकी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात, अमेरिकेने काँग्रेसला दोनदा पैसे दिल्याचे लिहिले. सोव्हिएत गुप्तहेर संस्थेच्या वासिली मित्रोखिन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून रशियन पैशाचेही दावे झाले. संबंधितांनी ते नाकारले.

तरतुदी : परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम ५ ऑगस्ट १९७६ रोजी अंमलात आला. उमेदवार, विधिमंडळ व संसद सदस्य, राजकीय पक्ष, शासकीय सेवक, वृत्तपत्रांचे संपादक आणि व्यंगचित्रकारसुद्धा त्याच्या बंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. २०१० च्या नव्या कायद्याने ही चौकट कायम ठेवली. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम २९ ब पक्षांना परकीय स्रोताकडून देणगी घेण्यास स्वतंत्रपणे मनाई करते.

दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल : या कायद्याची खरी कसोटी लागली ती असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था आणि माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. सर्मा यांच्या याचिकेत. स्टरलाइट आणि गोव्यातील लोहखनिज कंपनी सेसा गोवा यांनी काँग्रेस व भारतीय जनता पक्षाला देणग्या दिल्या होत्या. दोन्ही कंपन्या भारतात नोंदलेल्या. पण त्यांचे निम्म्याहून अधिक भांडवल इंग्लंडमध्ये नोंदलेल्या वेदान्त रिसोर्सेसच्या हाती होते. सेसा गोवा २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून वेदान्त समूहाकडे आली होती. वेदान्तचे नियंत्रण अनिल अगरवाल या भारतीय नागरिकाकडे असल्याने हा पैसा परकीय नाही, असा बचाव झाला. न्या. प्रदीप नंदराजोग व न्या. जयंत नाथ यांनी तो २८ मार्च २०१४ रोजी फेटाळला : कंपनी तिच्या भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते आणि ती जेथे नोंदली जाते तेथील ठरते. देणग्या २०१० च्या कायद्यापूर्वीच्या असल्याने त्यांना १९७६ चाच कायदा लागू होता. दोन्ही पक्षांनी कायदा मोडल्याचे सकृद्दर्शनी दिसते असे सांगून न्यायालयाने गृहमंत्रालय व निवडणूक आयोग यांना सहा महिन्यांत कारवाई करण्यास सांगितले. राजकारणातील दोन मोठे प्रतिस्पर्धी या खटल्यात एकाच बाजूला उभे होते, ही त्याची सर्वांत बोलकी बाब होय.

पूर्वलक्षी दुरुस्त्या : दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान २०१६ च्या वित्त अधिनियमाने 'परकीय स्रोत' या संज्ञेची व्याख्याच बदलली. परकीय गुंतवणुकीच्या विहित मर्यादेत परदेशी भांडवल असलेली भारतीय कंपनी यापुढे परकीय मानली जाणार नव्हती, तीही २६ सप्टेंबर २०१० पासून. जुन्या देणग्यांना हे संरक्षण पोहोचत नव्हते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पक्षांनी अपिले मागे घेतली. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने चर्चेविना संमत केलेल्या वित्त विधेयकाने तारीख ५ ऑगस्ट १९७६ अशी केली. म्हणजे २०१० च्या कायद्यातील सवलत तो कायदा अस्तित्वात नसलेल्या ३४ वर्षांनाही लावली गेली. ज्या दोन पक्षांवर कारवाईचा आदेश होता, त्यांपैकी एक तेव्हा सत्तेत होता. न्यायालयाने सकृद्दर्शनी बेकायदा मानलेली कृती अर्थसंकल्पाच्या आडून कायदेशीर करणे हा लोकशाहीवरील गंभीर आघात आहे.

परदेशस्थ भारतीय : भारतीय पारपत्र असलेली व्यक्ती परदेशात राहूनही स्वतःच्या मिळकतीतून पक्षाला देणगी देऊ शकते. परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती, तिच्याजवळ ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, परकीय स्रोत ठरते. न्यू जर्सी किंवा लंडनमधील मराठी कुटुंबात पती-पत्नींचे नागरिकत्व वेगळे असल्यास एकाची देणगी वैध, तर दुसऱ्याची गुन्हा होऊ शकते.

प्रचारातील सहभाग : पैशाखेरीज परदेशी व्यक्तीच्या प्रचारातील सहभागावरही कारवाई झाली आहे. एप्रिल २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधील रायगंज येथे प्रचार केल्याबद्दल बांगलादेशी अभिनेते फिरदौस अहमद यांचा व्हिसा रद्द झाला.

इतर देश : परकीय हस्तक्षेपाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्षीय निवडणूक रद्द केली.

न्यायालयीन स्थिती : पक्षांना निनावी देणग्या देण्याची निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. वरील पूर्वलक्षी दुरुस्त्यांना दिलेले आव्हान २०२३ मध्येच त्या सुनावणीतून वेगळे काढण्यात आले होते. रोख्यांच्या निकालात त्यांच्या वैधतेचा निर्णय झाला नाही.