गिअरशेजारचा दांडा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन 2199 सीसीचं होतं, ताकद 60 अश्वशक्ती. 2020 मध्ये आलेल्या महिंद्रा थारचं डिझेल इंजिन 2184 सीसीचं, ताकद 130. माप जवळजवळ तेच, मध्ये ऐंशी वर्षं. ही दोन इंजिनं वेगळ्या घराण्यांतली. गाड्या मात्र एकाच कुळातल्या.

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांना विचारलं: चारही चाकांना जोर मिळेल अशी हलकी गाडी हवी, नमुना 49 दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही छोटी कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा काढला आणि 23 सप्टेंबरला गाडी मुदतीत पोचलीसुद्धा. पण हजारोंनी गाड्या बनवण्याची बँटमची कुवत नव्हती; मोठं काम विलीज आणि फोर्डला मिळालं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनल्या. जिने जन्म दिला तिचं नाव आज कोणाच्या तोंडी नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

1947 मध्ये मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीप उभी राहू लागली. ती जोडणाऱ्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनीतले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव बदललं. पुढे आली सीजे-3बी ही जीप. नवं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. अमेरिकेत 1968 ला ती बंद झाली, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षं धावली. मामलेदाराला तीच, प्रचाराच्या कर्ण्याला तीच. सातारा-कोल्हापूरकडे तर जीपगाड्यांचं ‘वडाप’ झालं: माणसं, दुधाच्या किटल्या, टपावर पोती.

थार त्याच रक्ताची, नाशिकला बनणारी. पण जुन्या जीपला पुढेमागे पाट्यांची स्प्रिंग. खड्डा थेट मणक्यात जायचा. थारच्या पुढच्या चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. विलीजला दाराच्या जागी नुसता पट्टा. थारला ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत चार तारे. जुन्याचा कितीही लोभ असला, तरी घरच्यांना घेऊन रात्री घाट उतरायचा असेल तर मी थारच निवडेन.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. विलीजमध्ये गिअरच्या बाजूला आणखी दोन दांडे असत: एक पुढच्या चाकांना जोर जोडायचा, दुसरा वेग घटवून ताकद वाढवायचा. थारमध्ये त्या दोघांचा एकच झाला, पण तो आहे, हाताने ओढायचा. चाकं चिखलात रुतली की गाडी थांबवायची, गिअर न्यूट्रलला घ्यायचा आणि दांडा 4एलवर, म्हणजे चारही चाकांना जोर आणि कमी वेग, टाकायचा. इंजिन घोंघावतं, चाकं जेमतेम फिरतात, आणि गाडी पायी माणसाच्या चालीने चढ चढू लागते.