शाळा अंगणात गेली तेव्हा

चारठाण्याला माझे आजोळ. जुन्या मंदिरांमुळे परभणी जिल्ह्यात हे गाव प्रसिद्ध आहे. मला मात्र ते मावशीकडच्या माठामुळे आठवते. माठ उंच तिवईवर. तिचा चार वर्षांचा नातू पाणी घ्यायला स्टुलावर चढे, पाणी सांडे आणि धपाटा खाई. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रोज हेच चालले होते. ‘‘कितीदा सांगितलं, पण ऐकतच नाही रे,’’ मावशी म्हणे. ऐकणार कसा? त्याला तहान लागलेली असे.

मूल ऐकत नाही तेव्हा बदलायचे कोणाला, मुलाला की भोवतालच्या मांडणीला? या प्रश्नावर महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. ‘प्रयोग’ हा शब्द मी जपून वापरतो आहे.

मारिया मॉन्टेसरी मूळच्या डॉक्टर. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह काढले. खुर्च्या, कपाटे मुलांच्या मापाची. काम मुलाने निवडायचे, मोठ्यांनी आधी निरीक्षण करायचे. दुसऱ्याला त्रास देण्याची मुभा मात्र नव्हती. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि काही वर्षांतच ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या.

ताराबाईंची खरी कसोटी पुढे लागली. १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. हरिजन वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ‘आईबापांनाच आस्था नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना इथली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे आले.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना तोच पेच नव्या रूपात उभा राहिला. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, ती शाळेत येणार कशी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तीच विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. दर वेळी मुलाचा नकार ही अवज्ञा न मानता माहिती मानली गेली. आमच्या प्रयोगशाळेत अपेक्षित आकडा आला नाही, तर उपकरणाला चापट मारत नाहीत. (काही जण मारतातही, पण आकडा सुधारत नाही.)

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोचले. नावाइतक्या वेगाने त्यामागचा विचार पोचला, असे मला वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २०१० पासून शाळेत मुलांना मारण्यास बंदी आहे. ते कलम मावशीच्या स्वयंपाकघरापर्यंत येत नाही.

म्हणून एके सकाळी मी लहानसे मडके पाटावर ठेवले, शेजारी पेला आणि पुसायला फडके. पहिले दोन दिवस नुसता चिखल! मावशी माझ्याकडे रागाने बघत होती. तिसऱ्या दिवशी नातवाने सांडलेले पाणी स्वतः पुसले, आणि मग मलाही पेला भरून आणून दिला.

‘‘असू दे,’’ मावशी म्हणाली, ‘‘पण दुधाचं पातेलं मी वरच ठेवणार बरं का.’’