गाव कधी भरायचं?

जून २०२० मध्ये भाईंदरमधल्या आमच्या इंद्रलोकात रस्त्याच्या एका कडेची दुकानं एक दिवस उघडायची आणि समोरच्या कडेची दुसऱ्या दिवशी. सम तारीख, विषम तारीख. निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करायचं राज्य सरकारने ३१ मे रोजी जाहीर केलं होतं आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याला ‘पुनश्च हरिओम’ म्हटलं होतं. शिंपी उघडा असेल त्या दिवशी अस्तर आणि बटणांचं दुकान बंद. नळाचं काम करणारा मोकळा, तर वॉशर मिळायचा समोरच्या कडेला, उद्या. सलूनवाले तर महिनाअखेरपर्यंत शटरसमोर स्टूल टाकून बसलेले. त्यांना केस कापायची परवानगी मिळाली ती २८ जूनला. आणि जुलै उजाडताच मीरा-भाईंदरमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. मुदत संपत आली की नवी मुदत. खालच्या चौकात तेव्हा झालेली भांडणं मला अजून ऐकू येतात. त्यात कोणी बेशिस्त नव्हतं. प्रत्येकाला एकच गोष्ट कळत नव्हती: काय झालं म्हणजे उघडणार?

आई त्या दिवसांत माझ्याकडे होती, ऐंशी ओलांडलेली. ती गॅलरीतून सगळं ऐकायची आणि म्हणायची, “माळावरसुद्धा असंच भांडण झालं होतं.” हा माळ कऱ्हाडजवळचा, कृष्णाकाठच्या तिच्या गावचा. भांडण प्लेगातलं. तिने पाहिलेलं नव्हे, तिच्या आजीने आठ-दहा वर्षांची असताना पाहिलेलं. सातारा जिल्ह्यात प्लेगाने वर्षानुवर्षं घर केलं होतं, त्यामुळे ते नेमकं कुठल्या सालचं हे आईला सांगता येत नाही. पण त्या माळावर कुणाची झोपडी कुठे होती हे ती आजही हाताने दाखवते.

घरात उंदीर गरगरून पडला की गाव उठून माळावर जायचं. तुराट्यांचे कूड, वर कडब्याचं छप्पर, आत एक चूल. भांडी आली, गुरं आली, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून आले. जाती मात्र गावातच राहिली. अख्ख्या माळावर दोन की तीन जाती होती आणि मध्यरात्रीपासून बायका दळणाची पाळी धरून बसायच्या. ज्वारी गावातल्या पेवात. ती आणायला पुरुष अंधारात जायचे, कारण दिवसा गावात शिरायची मनाई होती. त्या आजीचे, म्हणजे माझ्या पणजीचे वडील पेव उघडायला गेले आणि वाफ निघून जाईपर्यंत थांबायला हवं तेवढा वेळ त्यांना थांबता आलं नाही. राखणदार येईल या भीतीने ते घाईने उतरले. चक्कर येऊन पडले, सोबत भाऊ होता म्हणून वाचले. प्लेगाने नव्हे, प्लेगाच्या मनाईने माणूस जाता जाता राहिला, असं पणजी शेवटपर्यंत म्हणत असे.

महिने गेले तसा माळावर वाद पेटला. वाण्याला दुकान उघडायचं होतं. नदीकडे शेत असलेल्यांना रोजची पायपीट नको झाली होती. दोन बायका दिवस भरत आलेल्या, त्यांच्या सासवांना बाळंतपण उघड्यावर नको होतं. पाटील म्हणायचा, मामलेदाराचा हुकूम येऊ दे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं ते म्हणायचे, एवढ्यात नाही. शेवटी सगळे लिंबाखाली बसले आणि ठरलं ते असं: एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत गावात उंदीर पडला नाही, तर घरं उघडायची. आधी कौलं उतरवून ऊन आत घ्यायचं, भुई सारवायची, भिंतींना चुना, लिंबाच्या पाल्याचा धूर, आणि मग माणूस. अमावास्या दोन दिवसांवर आली असताना एक उंदीर सापडला. पुन्हा पहिल्यापासून महिना मोजायचा! बायका रडल्या, वाणी पाय आपटत गेला, पण कुणी चोरून गावात राहायला गेलं नाही. अट काय आहे हे दळणाच्या रांगेतल्या पोरीलाही माहीत होतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. २०२० मध्ये ती पुन्हा ऐकताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला आणि मी आईला विचारला. सगळे माळावर होते, तर रिकाम्या गावात पडलेले उंदीर मोजत कोण होतं?

“राखणीला ठेवलेली माणसं,” आई म्हणाली. “महारवाड्यातली. आणि एक रामोशी.”

मग लिंबाखाली ते होते का? आई आठवत राहिली. आजीच्या गोष्टीत ते येतात, उंदीर सापडल्याचं सांगतात आणि जातात. बोलताना दिसत नाहीत. सगळ्या गावाने ज्यांच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, ज्यांना प्लेगाच्या घरांमधून फिरायला लावलं, त्यांना गाव भरायचं की नाही हे कुणी विचारलं नाही. माझ्या घरातल्या या गोष्टीवर माझं प्रेम आहे. तिच्यातली ती मोकळी जागा मात्र मला आता बुजवता येत नाही.

मुंबईच्या प्लेगाचा इतिहास वाचताना तीच माणसं वेगळ्या रूपात भेटली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला, रोग्याला घरातून उचलून रुग्णालयात न्यायचा. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर हुकूम सैल झाला, घरात वेगळं ठेवता येत असेल तर रोग्याला राहू द्यायचं ठरलं. आता, हे सैल होणं दंगलीच्या भीतीने झालं असं सहज वाटतं. पण स्नो यांनी आपल्या अहवालात ज्या भीतीची नोंद केली ती दुसरीच होती: शहरातले झाडूवाले आणि मैला उचलणारे हलालखोर पळून गेले तर? हिवाळा संपेपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली, त्यातली कितीतरी माणसं आपल्या भाईंदरवरून जाणाऱ्या याच रेल्वेने उत्तरेकडे गेली. श्रीमंत गेले तरी शहर चालतं, सफाईवाले गेले तर आठवड्यात मरतं, हे आयुक्ताला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या माणसांना काय हवं होतं याचा शोध घेतल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. त्यांच्या जाण्याची धास्ती घेतली गेली. त्यांचं म्हणणं घेतलं गेलं नाही.

पुण्याची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, रँडची प्लेग समिती, घराघरांत शिरणारे गोरे शिपाई, २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी झाडलेल्या गोळ्या. टिळक प्लेगाच्या उपायांच्या विरोधात नव्हते. त्यांनी स्वतः हिंदू प्लेग रुग्णालय उभारायला हातभार लावला, साथ चालू असताना शहर सोडलं नाही. त्यांचा राग अंमलबजावणीच्या रीतीवर होता. राजद्रोहाच्या शिक्षेतून सुटून आल्यावर, जुलै १८९९ मध्ये, ‘केसरी’ची सूत्रं पुन्हा हाती घेताना त्यांनी जो अग्रलेख लिहिला त्याचं नाव ‘पुनश्च हरिः ॐ’. ते शब्द २०२० मध्ये सरकारी घोषणेत आले तेव्हा बरोबर तोच १८९७ चा कायदाही पुन्हा लागू होता, १३ मार्चपासून.

भाईंदरमध्ये खरा प्रश्न दुकानांचा नव्हता, लोकलचा होता. २२ मार्चच्या मध्यरात्री लोकल थांबली. १५ जूनला ती पुन्हा धावली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. म्हणजे आमच्या इमारतीतली परिचारिका आणि मागच्या चाळीतले मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रोज जायचे. त्यांना जावंच लागायचं. लोअर परळच्या दुकानात काम करणारा, फोर्टात टायपिंग करणारा, दादरला फुलं विकणारी यांच्यासाठी मात्र स्टेशनचा जिना बंद. काही ओळखीचे पहाटे साडेचारला उठून एसटीच्या रांगेत लागायचे. दहिसर नाक्यावरच्या कोंडीत दोन-दोन तास. २२ जुलैला नालासोपाऱ्यात बस मिळेना म्हणून लोक रुळांवर उतरले. बातमी पाहून आमच्याकडे काहींनी कपाळाला हात लावला: काय ही माणसं, साथ चालू आहे! मला ती माणसं माळावरच्या बायकांसारखी वाटली, मध्यरात्री दळणाची पाळी धरलेली. त्यांना साथ दिसत होती. त्यांना पगारही दिसत होता.

ऑक्टोबरात महिलांना ठरावीक वेळेत प्रवास खुला झाला. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना, पण पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहा ते सहाची नोकरी असणाऱ्याने सातच्या आधी गाडी पकडून चर्चगेट गाठायचं आणि दुकान उघडेपर्यंत फुटपाथवर बसायचं, संध्याकाळी सुटल्यावर पुन्हा नऊपर्यंत. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि तेही गेलं. ती लाट भीषण होती. भाईंदर पूर्वेच्या प्रमोद महाजन सभागृहात लग्नं-नाटकांच्या जागी रुग्णांच्या खाटा होत्या आणि त्या दिवसांत कुणी ‘उघडा’ म्हणत नव्हतं. पुढे १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल मिळाली. आरोग्याच्या दृष्टीने अट समजण्यासारखी होती. पण अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या बहुतेकांना राज्यात लस मिळू लागली ती जूनच्या उत्तरार्धात, आणि कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर. हिशेब केला तर पंचविशीतला पोऱ्या, ज्याच्यावर घर चालतं, तो सप्टेंबर संपेपर्यंत फलाटावर येऊच शकत नव्हता. त्याने रांगेत सगळं नीट केलं असतं तरीही. त्या वयाचा एक जण जरी अट लिहिताना टेबलाशी बसला असता, तर त्याने हे बोटांवर मोजून दाखवलं असतं.

आमच्या मजल्यावर आचऱ्याच्या एक मालवणी आजी राहतात. तिकडे दर काही वर्षांनी गावपळण होते, अख्खं गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं आणि रामेश्वराने कौल दिला तरच परततं. नाही दिला तर मुक्काम वाढतो. लोकलवरून घरोघरी चर्चा चालायची तेव्हा त्या म्हणाल्या, “कौल नाय मिळालो तर आमी गप ऱ्हवतव. पण तो घेतत सगळ्यांच्या समोर.” मला त्यांचं हे फार पटलं. एरवी मी कौलावर विश्वास ठेवणारी बाई नाही.

आणि मग आमच्याच सोसायटीचं गेट. २०२० मध्ये निर्बंध सैल झाल्यावर सरकारने घरकामाला येणाऱ्या बायकांना मनाई केलेली नव्हती, तरी आजूबाजूच्या कितीतरी इमारतींनी त्यांना आत घेतलं नाही, आमच्याही. गच्चीवर अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या आणि सभा झाली. कुरिअरवाला खालपर्यंत येतो, भाजीवाला येतो, नोकरीवाले मुंबईला जाऊन येतात, मग मावशींनीच काय केलं, असं मी विचारलं. आजारी सासरे असलेल्या शेजारणीने तिची भीती सांगितली, आणि ती भीती खरी होती. दोघींचंही म्हणणं लिहून घेतलं गेलं. ज्यांच्याबद्दल सभा होती त्या खाली गेटबाहेर उभ्या होत्या.

माझ्याकडे येणाऱ्या मावशी नवघरच्या बाजूला राहतात. मूळच्या जालन्याकडच्या. त्यांचे यजमान भाईंदरच्याच एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे, गाळा २०२० च्या मार्चमध्ये बंद पडला. १ एप्रिल २०२२ ला राज्यातले सगळे निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या सुमारास मावशींची नात माझ्याकडे अभ्यासाला बसायची. तिला शाळेतून कोरोनावर निबंध लिहायला सांगितला होता, म्हणून तिने आजीला विचारलं. मी कान देऊन ऐकत होते, कारण पुढे या घरात हीच गोष्ट सांगितली जाणार होती.

मावशींची गोष्ट रोगापासून सुरू झाली नाही. ती गेटपासून सुरू झाली. कोणत्या मजल्यावरच्या कोणी न बोलावताही पगार मुलाच्या मोबाइलवर पाठवला, कोणी अर्धा, कोणी फोन उचलायचं बंद केलं, हे त्यांनी मजल्यामागून मजला सांगितलं. शेजारची बाई रुग्णालयात झाडू मारायला जायची, तिला लोकलचा पास होता आणि ‘तिच्यामुळे वस्तीत येईल’ म्हणून नळावर तिची बादली बाजूला सारायचे, तेही सांगितलं. नातीने विचारलं, मग तू भांडली नाहीस का?

“भांडले की,” मावशी म्हणाल्या. “रोज गेटवर. आधी म्हणले, तपासणी करा. मग म्हणले, एकाच घरचं काम करते, बाकीची सोडते. मग म्हणले, निदान तारीख सांगा, म्हणजे मी तवर दुसरं काही बघते.”

तीन मागण्या, तिन्ही रास्त, आणि तिसरी तर माळावरच्या लोकांनी केली तीच. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात त्या सभेची दोन पानं आहेत, शेजारणीची भीती आहे, माझा प्रश्न आहे. मावशींची एकही ओळ नाही. त्यांनी सांगितलेलं मी त्यांना वाचून दाखवत वहीत उतरवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, आणि ते त्या इतिवृत्ताला जोडावं असं पत्र मी समितीला दिलं आहे. सर्वसाधारण सभेत विषय येईल तेव्हा मावशींनाही बोलवावं, हे त्याच पत्रात आहे.