अंगणातले लग्न

हॉल, केटरर, बँडबाजा असा हिशेब मांडला की आमच्यासारख्या कारकुनाला घाम फुटतो. पण गोव्यात दरवर्षी घरोघरी एक लग्न अगदी स्वस्तात लागते. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे कार्तिक द्वादशीला, तुळशीचे! दिंड्याची काठी, ऊस, आवळे, चिंचा आणि शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोव. झाली पंगत!

या साध्या सोहळ्याला इतिहास आहे. १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्यांना घरी तुळस लावायला, लग्नात ओव्या गायला, विडे-फुले द्यायघ्यायला बंदी केली. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे संपले, तुळस मात्र राहिली.

आता भीती फर्मानाची नाही, फ्लॅटची आहे. अंगणच उरले नाही तर वऱ्हाड बसवायचे कुठे?