जयतटाक: पाणी शेतीचं की पुण्याचं?

मागच्या वेळी आपण अंगकोरच्या मंदिरांविषयी बोललो. आज पाण्याविषयी बोलू.

बाराव्या शतकाच्या अखेरीस कंबोडियात सातवा जयवर्मन राज्य करीत होता. त्याने बांधलेल्या तळ्याचं नाव जयतटाक. ‘तटाक’ हा शब्द आपल्याला परका नाही. मराठीतला ‘तलाव’ त्याच कुळातला. लांबी साधारण साडेतीन किलोमीटर, रुंदी सुमारे 900 मीटर. पण हे तळं खणलेलं नाही बरं का! सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घातले आणि आत पाणी कोंडलं. म्हणजे पाणी आजूबाजूच्या जमिनीहून उंच राहिलं आणि उताराने सोडता येऊ लागलं.

तळ्याच्या मध्यावर बेट आहे. नेआक पेआन हे त्याचं आजचं नाव, म्हणजे वेटोळे घातलेले नाग. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावरच्या अरुंद लाकडी वाटेने चालत जावं लागलं; दोन्ही बाजूंना पाण्यात उभी वाळकी झाडं. बेटावर एक मोठं चौकोनी कुंड, मधोमध गोल चौथऱ्यावर छोटं देऊळ, चौथऱ्याला दोन नागांचा विळखा. मोठ्या कुंडाच्या चार दिशांना चार लहान कुंडं. त्यांत पाणी पडायचं ते दगडी मुखांतून: पूर्वेला माणूस, उत्तरेला हत्ती, पश्चिमेला घोडा, दक्षिणेला सिंह. बौद्ध कथांतल्या हिमालयीन अनवतप्त सरोवराची ही प्रतिकृती, असं अभ्यासक मानतात. जवळच्या प्रेह खानमधला 1191 चा संस्कृत शिलालेख या बेटाला पाप धुणारं तीर्थ म्हणतो.

आता प्रश्न असा, की एवढा खटाटोप कशासाठी? बर्नार-फिलिप ग्रोलिए या फ्रेंच संशोधकांनी सांगितलं, अंगकोर ही जलव्यवस्थेवर उभी राहिलेली नगरी. या तळ्यांवर भातशेती पिकत होती. विरोधक म्हणाले, छे, शेतापर्यंत पाणी नेणारे कालवे कुठे आहेत? ही तळी राजाच्या पुण्यासाठी. पुढच्या सर्वेक्षणांत कालवे आणि बांध यांचं अफाट जाळं नकाशावर आलं आणि वाद पुन्हा रंगला.

आम्हाला वाटतं, ‘शेती की धर्म’ ही फाळणीच मुळात आपली आहे, त्यांची नव्हे. याच जयवर्मनच्या राज्यात 102 आरोग्यशाळा होत्या, असं 1186 चा ता प्रोमचा शिलालेख सांगतो. प्रजेचं दुखणं तेच राजाचं दुखणं, असा आरोग्यशाळांच्या शिलालेखांचा आशय आहे. अशा राजाच्या लेखी तहान भागवणारं, भात पिकवणारं आणि पाप धुणारं पाणी वेगवेगळं असण्याचं कारण काय? बेटावर तीर्थ आहे म्हणून बांधाला पावित्र्य, आणि बांध आहे म्हणून तीर्थाला पाणी.

पण इथेच मेख आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत या प्रदेशावर दीर्घ अवर्षणं आली, मध्येच अतिवृष्टीही झाली. झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून हे कळलं आहे. कालवे गाळाने भरले, काही वाहून गेले. अंगकोरच्या ऱ्हासाला इतरही कारणं होती, हे खरं. तरी एवढं नक्की, की शिलालेख एकदा कोरला की शतकानुशतकं टिकतो. बांधाची डागडुजी मात्र दरवर्षी करावी लागते. ती करणाऱ्या माणसांची नावं कोणत्याही दगडावर सहसा नसतात. तळी पाहायला जाल तेव्हा देवळाआधी बांधावर थोडं थांबा.