तंबू कोणाच्या पाठीवर?

कळसूबाईच्या पायथ्याशी मुलांना मुक्कामाला न्यायचे ठरले, की शाळेत पहिला प्रश्न निघतो जेवणाचा आणि दुसरा तंबूचा. आमच्याकडेही तो निघाला. स्काऊटच्या जुन्या सामानात जाड कॅनव्हासचा एक तंबू होता. तो उचलायलाच दोघे लागत. दुकानात दोघांसाठीचे तंबू पाहिले, तर एक तीन किलोचा आणि दुसरा दीड किलोचा. दुसऱ्याचे कापड पातळ, काठ्या बारीक. किंमत मात्र दुपटीहून जास्त! कमी मालाला जास्त पैसे का मोजायचे? उत्तर शोधताना आम्ही तंबूच्या इतिहासात शिरलो आणि त्यातले एक मोठे प्रकरण आमच्याच जिल्ह्यात संपलेले आढळले.

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या प्रवासी छावणीचा हिशेब दिला आहे. एका मुक्कामाचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू ठोकायला एक हजार फर्राश असत. शिवाय तंबूंचे दोन संच ठेवलेले असत. बादशहा एकात राहत असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा केला जाई. औरंगजेब दख्खनेत उतरला तो अशीच चालती राजधानी घेऊन. पंचवीस वर्षे ती मराठ्यांच्या मागे फिरली. अखेर १७०६ च्या जानेवारीत थकलेली छावणी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) येऊन थांबली आणि पुढच्याच वर्षी बादशहाचा तेथे मृत्यू झाला. मोगलांच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. पण हलक्या घोडदळाचा पाठलाग एवढ्या अवजड पसाऱ्याने करणे, हे त्यातले एक होते यात शंका नाही.

आता दुसरे टोक पाहू. आपल्या भाषेत डेरा, शामियाना यांच्याबरोबरच राहुटी आणि पाल हेही शब्द आहेत. पाल म्हणजे दोन टोकांना दोन काठ्या, वर एक आडवी आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेले कापड. पारनेर-संगमनेर भागातले अनेक मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडतात. सारा संसार घोड्याच्या पाठीवर. मग निवाराही घोड्याला पेलेल एवढाच. म्हणजे तंबूचा आकार आत कोण झोपणार यापेक्षा तो कोण वाहणार यावरच अधिक ठरतो.

युरोपातही हेच घडले. आल्प्सच्या मोहिमांसाठी एडवर्ड व्हिम्परने १८६० च्या दशकात एक भक्कम तंबू तयार केला. दोन्ही टोकांना काठ्यांची फुली, आत चौघांची सोय आणि वजन दहा किलोंहून जास्त. तो वाहायला बरोबर हमाल असत. पुढच्या पिढीतला ॲल्बर्ट ममरी वाटाड्यांशिवाय चढू लागला आणि वजनाचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या पाठीवर आला. त्याने रेशमी कापडाचा, दोन किलोंहून कमी वजनाचा तंबू वापरला आणि खांब म्हणून बर्फातल्या कुऱ्हाडीच उभ्या केल्या! जी वस्तू हातात आहेच, तिच्याकडून दुसरे काम करून घ्यायचे. आज काही तंबू चालण्याच्या काठ्यांवर उभारतात, ती हीच युक्ती.

पण रेशीम किती जणांना परवडणार? खरा बदल घडवला तो नायलॉनने. वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली हा धागा तयार झाला. फरक किती पडला, याचे गणित वर्गात सहज करता येईल. दोघांच्या तंबूला सुमारे १० चौरस मीटर कापड लागते असे धरू. कॅनव्हासचे वजन दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम धरले, तर नुसते कापडच ४ किलो. पातळ नायलॉन ५० ग्रॅमचे धरले, तर अवघे अर्धा किलो. शिवाय कॅनव्हास भिजला की पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी ते पाणीही आपणच वाहतो. मात्र भिजल्यावर सुती धागे फुगतात आणि विणीतली छिद्रे बुजतात, हा त्याचा गुण. पातळ नायलॉनला पाणी अडवण्यासाठी सिलिकॉनसारख्या द्रव्याचा लेप द्यावा लागतो आणि फाटू नये म्हणून धागाही उत्तम लागतो. आपण जादा पैसे मोजतो ते याचे.

हलकेपणाची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही. डिसेंबरात बारी गावाजवळच्या माळावर आम्ही एका पदरी तंबूत झोपलो होतो. सकाळी पांघरुणे ओली! मुलांनी विचारले, “सर, पाऊस तर नव्हता, मग पाणी आले कुठून?” ते आमच्याच श्वासातले होते. रात्रभरात दोन माणसांच्या श्वासातून पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडते. निरभ्र रात्री कापड उष्णता बाहेर टाकून गार होते आणि त्यावर ही वाफ दवासारखी जमते. तंबू दुपदरी असेल, तर आतल्या विरळ कापडातून वाफ बाहेर जाते आणि थेंब बाहेरच्या पदरावर राहतात. अर्धा किलो वाचवण्यासाठी हा दुसरा पदर सोडायचा का, हे आपण ठरवायचे.

तेव्हा निवड करताना आम्ही चार गोष्टी पाहतो. तंबू दुपदरी आहे का? वर-खाली हवा खेळायला वाट आहे का? रुंदी किमान १२५ सेंटिमीटर आहे का? आणि वाऱ्याच्या दिवसात ताण द्यायला दोऱ्या आहेत का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे विसरू नये. घाटघरसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे भर पावसाळ्यात हलक्या तंबूचा हट्ट न धरता गावात कोणाच्या पडवीत जागा मागावी.

दोन माणसांचा हलका निवारा म्हटले, की आणखी एक चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. पाथर्डी-शेवगावकडून आणि बीडकडून ऊसतोडीला कुटुंबे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. बांबू आणि ताडपत्रीची त्यांची कोपी हीसुद्धा उचलून न्यायचीच. पण तिच्यात एक रात्र नव्हे, अख्खा हंगाम काढायचा असतो, तोही मुलाबाळांसह. तिच्यासाठी चांगले कापड कोणी शोधले आहे का, हा प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीने विचारला. तिचे आईवडील दर वर्षी तोडीला जातात. आम्हाला उत्तर देता आले नाही.

तंबू आम्ही अडीच किलोचा, दुपदरी घेतला. कापड एकाने आणि काठ्या दुसऱ्याने, असा तो दोघांत वाटून नेतो. आता वर्गात एक प्रयोग चालू आहे. कॅनव्हास, नायलॉन, ताडपत्री आणि घोंगडी यांचे १० सेंटिमीटर चौरस तुकडे आधी कोरडे आणि मग भिजवून तोलायचे. प्रत्येक तुकड्याखाली रात्रभर कोमट पाण्याची वाटी ठेवून सकाळी थेंबही पाहायचे. घोंगडीचा तुकडा मेंढपाळाच्या घरचा आहे. ताडपत्रीचा त्याच विद्यार्थिनीने आणला आहे.